सीटची उंची, पायाचं माप

सोलापुरात सात रस्त्यावर ज्यांनी कधी गर्दीत गाडी पाडली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. १९८३ सालची गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि तिसऱ्या-चौथ्या हाताची एक बुलेट घेतली होती. त्या काळच्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. गर्दीत थांबलो. निघायची वेळ झाली तसा गियर टाकायला उजवा पाय वर घेतला आणि डावा खाली टेकवायला गेलो. रस्ता कडेला उतरता होता. माझा पाय जिथे संपला, तिथून रस्ता आणखी दोन बोटं खाली होता. अंतर एवढंच, दोन बोटांचं. पण दीडशे किलोच्या वरची गाडी एकदा कलायला लागली की तिला माणसानं धरायचं नसतं, सोडायचं असतं. मी धरली आणि गाडीबरोबर आडवा झालो.

लोक धावून आले. सोलापूरचे लोक मदतीला पटकन येतात, आणि मदत करता करता बोलतातही. एका रिक्षावाल्यानं गाडी उभी करून दिली, किक मारून चालू आहे का पाहिलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "अण्णा, मापाची गाडी घ्यायची की ओ!"

माझी उंची पाच फूट तीन इंच. मी ती बुलेट पुढच्या महिन्यात विकली. तिच्यावरून मित्रांबरोबर गोव्याला जायचं ठरलं होतं, तेही राहिलं. पण त्या रिक्षावाल्याचं वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. मी इतिहास शिकवणारा माणूस. माझ्या मापाची गाडी नाही हे खरं. मग ती होती तरी कुणाच्या मापाची?

वाहन आणि माणूस यांचं माप जुळवायचा प्रश्न आपल्या भागात तसा जुना आहे. आपण भीमेच्या खोऱ्यातले लोक. या नदीच्या थडीवरून ज्याला नाव मिळालं तो भीमथडी घोडा बेताच्या उंचीचा, काटक, कमी चाऱ्यावर भागवणारा. मराठ्यांच्या चपळ घोडदळाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या भागांत धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहताना ही तट्टं आजही दिसतात, आणि अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही झाली. अरबी किंवा तुर्की घोड्याच्या शेजारी उभा केला तर हा बुटकाच दिसतो. पण बसणाराही त्याच मातीतला, त्यामुळे कुणाला ते खटकलं नाही. शिवाय घोडा उंच असला तरी रिकिबीचा पट्टा एक भोक वर घेता येतो. आणि मुख्य म्हणजे घोडा थांबला की स्वतःच्या चार पायांवर उभा राहतो. स्वाराला आपला पाय खाली टेकवावा लागत नाही.

पाय टेकवायची पाळी आणली ती दोन चाकांनी. १८१७ साली कार्ल ड्राईस या जर्मन गृहस्थांनी लाकडाची दुचाकी केली. तिला पेडल नव्हतं. माणसानं बसायचं आणि जमिनीला पायांनी रेटा देत जायचं. म्हणजे पहिल्या दुचाकीची बैठक पायाच्या मापाचीच असणं भाग होतं, नाहीतर ती चाललीच नसती. पुढे पेडल आलं, ते थेट पुढच्या चाकाला. पेडलच्या एका फेऱ्यात चाकाची एक फेरी. म्हणून जास्त अंतर कापायचं तर चाक मोठं हवं. १८७०च्या दशकात ते इतकं मोठं झालं की पुढचं चाक माणसाच्या छातीला लागावं आणि मागचं ताटाएवढं असावं. मजा अशी, की हे चाक गिऱ्हाइकाच्या तंगडीचं माप घेऊन विकलं जाई. ज्याचे पाय लांब त्याला मोठं चाक, आणि ज्याला मोठं चाक त्याला वेग. आखूड पायाच्या माणसानं हळू जायचं, हा जणू निसर्गाचा नियमच झाला.

तो नियम मोडला साखळीनं. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, आणि पेडलची ताकद साखळीनं मागच्या चाकाला. आता वेगासाठी उंच बसायची गरज उरली नाही. तिला 'सेफ्टी' सायकल म्हणत, म्हणजे निर्धोक सायकल. कारण थांबल्यावर पाय जमिनीला लागत होता. पुढे मधली दांडी वाकवून खाली घेतलेली बायकांची सायकलही निघाली. दुचाकीच्या इतिहासातलं हे मला सर्वांत मोठं पाऊल वाटतं. इंजीन नंतर आलं.

आपल्याकडे आली ती सायकल मात्र इंग्रजी मापाची. अठ्ठावीस इंची चाकं, बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम. पुढे आपले स्वतःचे कारखाने निघाले, पण माप तेच ठेवून. माझ्या लहानपणी जुन्या गिरणीचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा. त्यातली प्रत्येक सायकल एकाच उंचीची आणि प्रत्येक माणूस वेगळ्या उंचीचा. उंच माणूस सीटवर बसून जायचा. बुटका माणूस पेडलवर एक पाय ठेवून चार ढांगा मारायचा, मग उडी मारून बसायचा. उतरताना ओटा किंवा दगड शोधायचा. आम्ही पोरं तर मधल्या त्रिकोणातून पाय घालून चालवायचो. आधी 'मधून', मग 'दांडीवरून', आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला 'सीटवरून'. या तीन इयत्ता पास झाल्याशिवाय सायकल आली असं कुणी म्हणत नसे. आपल्या मापाची नसलेली वस्तू वापरायची, आणि वापरता आली की त्याचाच अभिमान धरायचा, ही सवय आम्हाला अशी लहानपणीच लागली. मुलींनी हे 'मधून' प्रकरण करायचं नाही असं घरोघरी ठरलेलं, त्यामुळे त्यांची पहिली इयत्ताच हुकायची.

आता बुलेटकडे येऊ. रॉयल एन्फिल्ड ही कंपनी इंग्लंडमधल्या रेडिच गावची. हे गाव मुळात सुया बनवणारं, आणि या कंपनीचं मूळही सुयांच्या धंद्यातच. बुलेट हे नाव १९३२ सालचं. स्वतंत्र भारताच्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटरसायकल हवी होती, ती निवड बुलेटवर आली. आणि १९५५ साली मद्रासमध्ये 'एन्फिल्ड इंडिया' उभी राहिली. तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात आधी जुळणी, मग पूर्ण उत्पादन. साचे, हत्यारं, नकाशे तिकडचे. पुढे १९७०च्या सुमारास इंग्लंडमधलं उत्पादन थांबलं. मूळ कारखाना गेला, पण त्याचं माप मद्रासला चालू राहिलं. इंग्रज स्वार आणि फौजी जवान यांच्या अंगावर बेतलेला हा अंगरखा आपण मग घरोघरी घालायला लागलो. लष्करात आणि पोलिसात भरतीलाच उंचीची अट असते, त्यामुळे तिथे कुणाला काही जाणवायचं कारण नव्हतं. गावाकडे पाटलाच्या नाहीतर कारखान्याच्या चेअरमनच्या दारात बुलेट दिसू लागली, तेव्हा तिचा रुबाब काही अंशी या उंचीचाच होता. माणूस वर दिसायचा.

सगळ्याच गाड्या अशा नव्हत्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा निघू लागली, तिच्या जुन्या मॉडेलांना सोळा इंची चाकं होती, बुलेटला एकोणीस. चाक तीन इंचांनी लहान म्हणजे आस दीड इंचानं खाली. आखूड पायाच्या किती लोकांनी जावा नुसत्या आवाजासाठी घेतली आणि किती जणांनी पाय पुरतो म्हणून, हे कुणी कबूल करणार नाही. मला माझ्या वर्गमित्रांपैकी निदान दोघांबद्दल खात्री आहे.

खरा बदल स्कूटरनं केला. १९४६ साली इटलीत व्हेस्पा आली. तिचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानिओ हे हेलिकॉप्टरचे इंजिनिअर, आणि मोटरसायकल त्यांना मनापासून नावडती. ती घाण करते, कपडे खराब करते, तिच्यावर टांग टाकून चढावं लागतं. म्हणून त्यांनी मधली जागाच मोकळी केली. खुर्चीवर बसावं तसं बसायचं. ही कल्पना बजाजमार्फत आकुर्डीला आली आणि १९६०-७०च्या दशकांत महाराष्ट्रातल्या धोतरवाल्यांना, पायजमेवाल्यांना आणि कारकुनांना एकदम वाहन मिळालं. किक मारायच्या आधी ती एका बाजूला कलवायची, हा विधी तर सगळ्या देशाचा झाला. १९७२ साली लूना आली. तिच्याबद्दल आपण चेष्टेनं बोलतो, पण सोलापुरात नर्सबाई, शाळेतल्या बाई, दूधवाले, विड्यांची पानं पोचवणारे, या सगळ्यांना दोन्ही पाय जमिनीला लावून थांबता येईल असं इंजिनाचं वाहन पहिल्यांदा तिनं दिलं. पुढे १९८४ सालची कायनेटिक होंडा आणि नव्वदच्या दशकातली स्कूटी यांनी गियरही काढून टाकला.

असं असताना मोटरसायकलची उंची कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. निदान लांब पल्ल्याच्या मोटरसायकलींचं तरी उलटं झालं, आणि त्याचं कारण फार दूर, आफ्रिकेच्या वाळवंटात आहे. १९७८च्या डिसेंबरात पॅरिसहून डकारकडे जाणारी एक शर्यत पहिल्यांदा निघाली. वाळू, खडक, खड्डे. तिथे चाकाला वर-खाली व्हायला भरपूर जागा लागते. म्हणजे लांब शॉकॲब्सॉर्बर, आणि म्हणून उंच सीट. बीएमडब्ल्यूनं १९८० साली आर ८० जी/एस ही गाडी काढली, १९८१ साली तिनं डकार जिंकलं, आणि जगभर 'लांबच्या प्रवासाची गाडी' म्हणजे उंच गाडी असं चित्र ठरून गेलं. डकारला न जाणाऱ्यांनीही ते मान्य केलं. आपल्याकडे २०१६ साली रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली, तिची सीट ८०० मिलिमीटरवर. २०२० साली आलेली केटीएम ३९० ॲडव्हेंचर ८५५ मिलिमीटरवर. ही दुसरी गाडी तयार होते पुण्याजवळ, चाकणला. म्हणजे ऑस्ट्रियाच्या नावाची उंच गाडी, हातानं जोडणारा कामगार आपला, आणि त्या कामगारांतल्या निम्म्यांना तरी ती थांबवताना टाचा उचलाव्या लागतील.

हे मी उगाच म्हणत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास आणि स्त्रीची १५३च्या आसपास निघाली. त्याच अभ्यासात डच पुरुष १८२च्या वर होता. आता १५३ सेंटिमीटर उंचीच्या बाईचा पाय, जांघेपासून टाचेपर्यंत, साधारण सत्तर सेंटिमीटर भरेल. समोर सीट साडेपंच्याऐंशी सेंटिमीटरवर. ही तफावत दोन बोटांची नाही, वितीच्या जवळ जाणारी आहे. बसल्यावर शॉक दबतात, सीट थोडी खाली येते, हे मान्य. तरी हिशेब जमत नाही.

यातून काहींनी वेगळीच वाट काढली. आन-फ्रान्स दोतव्हिल नावाची एक फ्रेंच पत्रकार १९७२ साली पॅरिसहून इराणमधल्या इस्फहानपर्यंतच्या मोहिमेत मोटो गुझी ७५० ही अवजड गाडी घेऊन गेली. दुसऱ्या वर्षी एकटीनं जगप्रवासाला निघताना तिनं चक्क लहान कावासाकी निवडली. ती गाडी पडली तरी स्वतःला उचलता येत होती. मला हा शहाणपणा फार आवडतो. पण हीच एक वाट सगळ्यांना सांगणं बरोबर नाही. मापाची गाडी घे, असं म्हणणारा तो रिक्षावाला काय वेगळं सांगत होता?

ही सगळी उजळणी व्हायला कारण झाली माझी भाची. ती पुण्यात नोकरी करते, उंची बरोबर पाच फूट. तिनं एक उंच, लांब पल्ल्याची गाडी जुन्या बाजारात घेतली आणि स्पितीला जायचं ठरवलं. घरात गदारोळ. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो आपण दरवर्षी कौतुकानं पाहतो. घरातली मुलगी खरोखर निघाली की आपल्याला अपघात आठवतात. माझी बहीण म्हणाली, "दादा, तू तरी सांग तिला. तुलाही नव्हती ना जमली." मी सांगायचं ठरवून गेलो आणि भाचीलाच घेऊन विजापूर वेशीपलीकडच्या एका मिस्त्रीकडे पोचलो. कसं ते मलाही नीट सांगता येणार नाही.

हे मिस्त्री पद्मशाली विणकरांच्या घरातले. गाडीवर हिला बसवून त्यांनी एक दमडीचा सल्ला दिला नाही. नुसतं खाली बसून तिच्या टाचा आणि फरशी यांच्यात पट्टी धरली. मग म्हणाले, "ताई, साडेतीन इंच. सगळं गाडीतनं नाही काढायचं. थोडं गादीतनं, थोडं मागनं, थोडं पुढनं, आणि थोडं तुमच्या बुटातनं."

मी म्हटलं, "मिस्त्री, कंपनीनं विचार करूनच उंची ठेवली असेल ना?"

"सर, आमच्या आजोबांनी घरात माग पुरला. खड्डामाग. विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात. तर खड्डा कुणाच्या पायाच्या मापानं खणायचा? जो बसणार त्याच्या. दुसरा बसणार असंल तर खाली फळी टाकायची. माग आणला म्हणून माणूस बदलत नाहीत बगा."

पुढचे दोन दिवस मी त्या गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसलो आणि चाळीस वर्षांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते विचारून घेतलं. गाडी खाली आणण्याचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाची काहीतरी किंमत आहे. सर्वांत सोपं सीटचं. कुशनवाल्याकडे नेऊन फोम एक इंच तासायचा. पण त्याहून मोठा फायदा फोम कमी करण्यात नसून सीट टाकीजवळ अरुंद करण्यात आहे, हे मला नवीन होतं. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच वाया जाते. नाक निमुळतं केलं की पाय सरळ खाली उतरतो. फोम फार तासला तर मात्र गुडघे जास्त दुमडतात आणि तीन तासांत कंबर बोलायला लागते.

मागच्या बाजूला हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना एकच शॉक असतो आणि तो चिमट्याला एका छोट्या जोडपट्टीनं जोडलेला असतो. ही पट्टी थोडी लांब बसवली की गाडीचं मागचं अंग खाली येतं. इथेच लोक चुकतात, मिस्त्री म्हणाले. मागून खाली केली आणि पुढून तशीच ठेवली, तर गाडी नाक वर करून चालते. पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, हँडल सुस्त होतं, वळणावर गाडी बाहेर जायला बघते. म्हणून मागे जेवढी उतरवली त्या प्रमाणात पुढचे फोर्कचे पाईप 'टी'मधून वर सरकवायचे. तेही बेतानं, जास्त सरकवले तर मोठ्या खड्ड्यात चाकाचं मडगार्ड थेट 'टी'वर आपटेल. मग साखळीचा ताण पुन्हा बघायचा, हेडलाइट खाली करायचा. आणि साईड स्टँड कापायचा. हे ऐकून मी हसलो, पण ते खरं आहे. गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला, तर गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्यानं दुसऱ्या बाजूला पडते. मिस्त्रींनी स्टँडचा एक तुकडा कापून काढला, टोक पुन्हा वेल्ड केलं आणि थंड झाल्यावर काळा रंगही मारला.

चासीला मात्र त्यांनी हात लावला नाही. पूर्वी लोक मागच्या शॉकचे कान कापून दुसरीकडे वेल्ड करून घेत, हे त्यांनीच सांगितलं. आता कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. जे काही करायचं ते उद्या जसंच्या तसं परत बसवता येईल असं, ही मिस्त्रींची अट. मला ती कायद्याइतकीच कारागिराचीही वाटली.

उंची कमी केल्यानं फरक एवढा का पडतो, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात. ते उंचच उंच काठीचं ओझं कमरेच्या पट्ट्यावर पेलून चालणारा मानकरी पाहा. काठी सरळ असते तोवर एकटा माणूस ती सांभाळतो. ती जरा कलली की चौघांना धावावं लागतं. गाडीचंही तसंच आहे. वजन उंचावर असलं की सुरुवातीच्या दोन बोटांतच सगळा निकाल लागतो. तेवढ्यात पाय पोचला तर पोचला.

किंमतही सांगायला हवी. जमिनीपासूनची उंची कमी झाली की इंजिनाखालची पत्र्याची ढाल दगडाला आणि आपल्याकडच्या गतिरोधकांना लवकर लागते. शिवाय मागची पट्टी बदलली की स्प्रिंग थोडी मऊ झाल्यासारखी वागते, सामान लादल्यावर जास्तच. भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चालेल. ढाल आपटली तर आवाज होईल. मी आपटले तर मामा, तुम्ही सगळे बोलाल."

शेवटचा अर्धा इंच चांभारानं दिला, बुटाला जाड तळ लावून. एवढं करूनही तिचे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. पुढचे चवडे टेकतात. मिस्त्रींनी तिला गॅरेजसमोरच्या बोळात अर्धा तास नुसतं थांबायला शिकवलं. बूड थोडं एका बाजूला सरकवायचं, एकच पाय पण पूर्ण टेकवायचा, आणि थांबायच्या आधी रस्ता कुठे उतरतो ते बघायचं. उतरत्या बाजूला पाय टाकायचा नाही. हे ऐकताना सात रस्ता माझ्या डोळ्यांसमोर होता.

अलीकडे कंपन्यांनाही थोडं सुचायला लागलंय. बजाजनं २००५ साली ॲव्हेंजर आणली, तिची सीट बरीच खाली; बुटक्या माणसांनी ती हायवेवर सर्रास नेली. २०२३च्या नव्या हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, ती वर सरकवता येते, आणि वेगळी कमी उंचीची सीट घेतली तर ८०५पर्यंत येते. म्हणजे मिस्त्री जे तासून करत होते, ते आता कारखान्याच्या किंमतपत्रकात आलं. उशिरा आलं, पण आलं.

निघायच्या आदल्या दिवशी भाचीनं मला त्या गाडीवर बसवलं. वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे. माझे दोन्ही तळपाय फरशीवर सपाट टेकले. मी काही बोललो नाही. मिस्त्रींनीच विचारलं, "सर, चावी देऊ का?" आम्ही आसरा चौकापर्यंत जाऊन आलो, ती मागे बसलेली.

ती स्पितीला जाऊन आली. काझाहून फोन आला तेव्हा बहीण शेजारीच बसली होती, म्हणून मी स्पीकर बंद करून विचारलं, पाडलीस का कुठे?

"दोनदा पडले मामा," ती म्हणाली. "दोन्ही वेळा ओढ्याच्या पाण्यात, चालत्या गाडीवरनं. थांबताना एकदाही नाही."